घरातल्या सरावासाठी गिटारचा छोटा अँप: बारीक आवाजात चांगला वाजणारा कसा निवडावा

इलेक्ट्रिक गिटार घरात आली की लगेच दुसरा खर्च पुढे उभा राहतो, तो अँपचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या डब्याचा. पुण्या-मुंबईत चार दुकानं फिरून, वाजवून बघून ठरवता येतं. आपल्याकडे लातूर, नांदेड, परभणी, बीड, जालना इथल्या वाद्यांच्या दुकानांत पेटी, तबला, ढोलकी भरपूर असतात, गिटारही टांगलेल्या दिसतात. अँप मात्र एखाद-दुसरा, आणि तोही बहुतेक वेळा ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळ किंवा जयंतीचे कार्यक्रम डोळ्यासमोर ठेवून आणलेला. दुकानदार सल्ला देतो तो स्टेजचा आणि तुम्हाला हवा असतो खोलीतला.

हा लेख त्या खोलीतल्या माणसासाठी आहे. दिवसभराचं काम उरकून रात्री तासभर वाजवायचंय, आतल्या खोलीत आजी झोपलीय, भिंतीपलीकडे शेजारचं पोरगं ‘नीट’ची तयारी करतंय, अशा जागी. या सगळ्यातून मी स्वतः गेलोय आणि माझं सांगणं एकाच कसोटीभोवती फिरतं: अँप मोठ्या आवाजात कसा दणकतो यावरून काही ठरवू नका. अगदी बारीक आवाजात तो कसा वाजतो ते ऐका आणि त्याचेच पैसे द्या.

१. गिटार कोणती आहे ते आधी पक्कं करा

साध्या लाकडी अकूस्टिक गिटारला घरातल्या सरावासाठी अँप लागतच नाही. तिला पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग, बसवलेला असला (बाजूला छोटी बटणं आणि सेलचा कप्पा दिसतो) तरी खोलीत तिचा स्वतःचा आवाज पुरतो. कार्यक्रमात वाजवायची असेल तेव्हा अकूस्टिकसाठीचा वेगळा अँप बघा. इलेक्ट्रिक गिटारच्या अँपमधला स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ सोडून देतो. डिस्टॉर्शनमधली, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजातली, खरखर त्यामुळे मऊ होते, म्हणून इलेक्ट्रिकला ते फायद्याचं. अकूस्टिकच्या तारेची चमक मात्र त्यात गुदमरते.

बास गिटार असेल तर हा लेख तुमच्या कामाचा अर्धाच. गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते आणि बासची ४१ वर. गिटारच्या छोट्या अँपला बास लावून जोरात वाजवली तर स्पीकरचा कागद फाटू शकतो. बाससाठी बासचाच अँप घ्या, किंवा सरळ हेडफोनवर वाजवा.

आणि एक सल्ला हमखास मिळतो: “घरात होम थिएटर आहे ना, त्यालाच लाव की!” आवाज येईल, पण तो मेलेला असेल. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपला पुढे साधारण दहा लाख ओहमचं इनपुट लागतं. टीव्हीसाठी केलेल्या इनपुटचं त्या मानाने फारच कमी असतं, त्यामुळे वरचे स्वर मरतात आणि सगळं गोधडीआडून आल्यासारखं ऐकू येतं. भजनी मंडळाच्या माइक अँपचंही तेच. नवशिका मग आपल्याच बोटांना दोष देत बसतो, म्हणून हे आधी सांगितलं.

२. तुमच्या घरात आवाज कुठून जातो ते बघा

अँपआधी खोलीचा विचार करा. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत रो हाऊसमध्ये राहत असाल तर शेजाऱ्याची आणि तुमची भिंत एकच. तिथे बारीक आवाजही पलीकडे जातो, आणि जातो तो मुख्यतः खर्ज. पत्र्याच्या खोलीत भिंत आणि पत्रा यांच्या मधल्या फटीतून सगळंच बाहेर पडतं. जुन्या माळवदाच्या घरात राहणाऱ्यांचं नशीब चांगलं, कारण जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचा मातीचा थर आवाज बराच गिळतात, दारं-खिडक्या तेवढ्या सांभाळाव्या लागतात. फ्लॅटमध्ये स्लॅब हाच शत्रू. जमिनीवर ठेवलेल्या अँपचा खर्ज फरशीतून खालच्या घरात उतरतो आणि त्यांना गाणं ऐकू येत नाही, नुसती धडधड येते. ती जास्त त्रासाची.

लातूर किंवा संभाजीनगरला शिकायला राहिलेले, एका खोलीत तिघे-चौघे असे असाल, तर पुढचं बरंच सोडून द्या. तुमचं उत्तर हेडफोन हेच आहे, चौथ्या पायरीत सांगतो.

कायद्याचा आकडाही माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. दोन माणसं समोरासमोर बसून साधं बोलतात तो आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे खोलीत अँप गप्पांएवढा ठेवला तर भिंतीपलीकडे जाईपर्यंत तो बराच खाली येतो. हेच आपलं लक्ष्य: गप्पांएवढा आवाज. मोबाइलवर डेसिबल मोजणारी फुकट ॲप मिळतात. अगदी अचूक नसतात, पण अंदाजाला पुरतात.

३. वॅटचा आकडा: इथे थोडं थांबा

दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य ऐकू येतं ते वॅटचं. “दहा वॅटचा कशाला घेताय? थोडे पैसे टाका, चाळीसचा घ्या, पुढे कामाला येईल.” घरच्या सरावासाठी हा सल्ला उलटा आहे, आणि का ते आकड्यांनीच कळतं.

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो जेमतेम जाणवतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट लागतात. म्हणजे १०० वॅटचा अँप १० वॅटच्या दहापट नाही, साधारण दुप्पट मोठा वाजतो. १० आणि २० मधला फरक तर घरात विसरूनच जा.

आता दुसरी बाजू. गिटारच्या मोठ्या स्पीकरला फक्त एक वॅट दिला तरी एक मीटरवर तो ९५ डेसिबलच्या पुढे जातो. आपल्याला हवेत ६०. मधला फरक ३५ डेसिबलचा. हिशोब केला तर एका वॅटचा सुमारे तीन हजारावा भाग पुरतो! तीन-चार इंची छोट्या स्पीकरना थोडं जास्त लागतं, तरीही तुम्ही एका वॅटच्या आसपास फिरकत नाही. चाळीस वॅटचा अँप घेतलात तर त्याचं आवाजाचं बटण आयुष्यभर शून्य आणि एकच्या मधल्या केसभर जागेत राहणार. बोटाचा धक्का लागला की घर दणाणणार.

मोठाल्या वॅटचे अँप आले कुठून, तेही समजून घ्या. १९६५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जिम मार्शल यांनी १०० वॅटचे अँप बनवले, कारण तिथल्या रॉक बँडना मोठ्या गर्दीपुढे वाजवायचं होतं आणि तेव्हा स्टेजची साऊंड यंत्रणा आजच्यासारखी तगडी नव्हती. ती त्यांची गरज होती. दहा बाय बाराच्या खोलीची नाही.

म्हणून छोट्या अँपसाठी माझा पट्टा असा: १ ते १० वॅट. काही अँपवर लिहिलेले वॅट जास्त असतात पण ते मुद्दाम कमी करायची सोय असते, जसं बॉसच्या कटाना-५० मध्ये अर्ध्या वॅटपर्यंत उतरता येतं. पुढे बँडमध्ये वाजवायचं नक्की असेल तर असा अँप घेणं शहाणपणाचं. नुसतं ‘पुढे कधी लागला तर’ म्हणून नको.

कानाची एक खोडही इथेच सांगतो, कारण अँप निवडताना ती फार फसवते. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मनसन या दोघांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मोजून दाखवलं की आवाज कमी झाला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर जास्तच कमी ऐकू येतात. त्यामुळे दुकानात जोरात भरदार वाटलेला अँप घरी बारीक आवाजात पातळ आणि पोकळ वाटतो. अँप तोच असतो, कान वेगळं ऐकतो. सरावासाठी खास बनवलेल्या अँपमध्ये कमी आवाजाचा विचार आधीच केलेला असतो. यामाहाने २०११ मध्ये आणलेली टीएचआर मालिका याच कल्पनेवर उभी आहे: टेबलावर ठेवायचा, घरातच वाजवायचा.

४. प्रकार निवडा

व्हॉल्व्हचा अँप, ज्याला ट्यूब अँप म्हणतात, त्याची कीर्ती मोठी आहे आणि ती खरीही आहे. पण त्याचा तो प्रसिद्ध आवाज येतो व्हॉल्व्हना दाबून राबवल्यावर, आणि तेव्हा पाच वॅटचासुद्धा गल्लीभर ऐकू जातो. शिवाय तो तापतो, व्हॉल्व्ह झिजतात, स्पीकर न जोडता चालू केला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि दुरुस्तीला आपल्या जिल्ह्यात माणूस शोधत फिरावं लागतं. पहिला अँप म्हणून नको.

साधा ट्रान्झिस्टरचा अँप स्वस्त आणि चिवट. फेंडरचा फ्रंटमन १०जी हा त्यातला ओळखीचा, १० वॅट आणि सहा इंची स्पीकर. स्वच्छ आवाज चांगला देतात, डिस्टॉर्शन मात्र कामचलाऊ. स्केल, कॉर्ड, जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवणाऱ्याला एवढा पुरतो.

बॅटरीवरचे छोटे अँप मला आपल्या भागासाठी सगळ्यात योग्य वाटतात. बॉसचा कटाना मिनी ७ वॅटचा, चार इंची स्पीकरचा, सहा डबल-ए सेलवर चालतो. ब्लॅकस्टारचा फ्लाय ३ तीन वॅटचा, त्यालाही सहा डबल-ए सेल. ऑरेंजचा क्रश मिनी तीन वॅटचा, ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालणारा, आणि त्यात ट्यूनर आतच असतो. लाईट गेली तरी सराव थांबत नाही, शेतावर न्या, गच्चीवर न्या. सेलचा खर्च वाचवायला रिचार्जचे डबल-ए घेऊन ठेवा.

मॉडेलिंग अँप म्हणजे आतला छोटा संगणक नामांकित अँपची नक्कल करतो. एकाच डब्यात स्वच्छ, ब्लूज, मेटल, एको, कोरस सगळं. बारीक आवाजात सगळ्यात समाधान हेच देतात. धोका दोन ठिकाणी. काही अँप मोबाइल ॲपशिवाय अर्धेच चालतात, तेव्हा तुमच्या फोनवर ते ॲप चालतं का हे आधी बघा. आणि शेकडो आवाजांत फिरताना सरावाचा तास निघून जातो. तीन आवाज निवडा आणि महिनाभर तेवढेच ठेवा.

हेडफोनचा अँप थेट गिटारच्या भोकातच बसतो. व्हॉक्सचा अँपप्लग दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो, फेंडरचा मस्टँग मायक्रो चार्ज होतो. खोलीत जोडीदार असतील, बाळ असेल, रात्री अकरानंतरच वेळ मिळत असेल, तर पहिली खरेदी हीच करा आणि स्पीकरचा अँप नंतर बघा.

किमती सणासुदीला आणि स्टॉकप्रमाणे हलतात, म्हणून आकडे लिहीत नाही. क्रम साधारण असा असतो: साधा हेडफोन अँप सगळ्यात खाली, मग बॅटरीवरचे छोटे आणि साधे ट्रान्झिस्टर, त्यावर मॉडेलिंग, सगळ्यात वर व्हॉल्व्ह. गिटारच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत अँपवर गेले तर ते वाया जात नाहीत.

५. कोणती बटणं आणि कोणती भोकं हवीतच

गेन आणि मास्टर व्हॉल्यूम ही दोन वेगळी बटणं हवीत. गेन म्हणजे आवाज किती फाटलेला हवा ते, मास्टर म्हणजे बाहेर किती मोठा यावा ते. दोन्ही वेगळी असली की गेन वर, मास्टर खाली ठेवून बारीक आवाजातही रॉक वाजवता येतो. एकच व्हॉल्यूम असलेला अँप घरच्या सरावाला अडतो.

हेडफोनचं भोक हवंच. पिन लावली की स्पीकर बंद व्हायला हवा, आणि हेडफोनमध्ये डिस्टॉर्शन माशा घोंगावल्यासारखं येत नाही ना, ते लावून ऐका. स्पीकर जी खरखर गाळतो ती हेडफोनमध्ये गाळायला अँपमध्ये वेगळी सोय लागते. स्वस्त अँपमध्ये ती नसते आणि डब्यावर कुठे लिहिलेलंही नसतं.

ऑक्स किंवा ब्लूटूथ, म्हणजे मोबाइलवरचं गाणं आणि गिटार एकत्र ऐकता येईल. गाणं ब्लूटूथने अँपमध्ये पाठवणं ठीक. ब्लूटूथ हेडफोनवर स्वतःचं वाजवणं ऐकणं मात्र बिलकूल जमत नाही. साधारण दहावा ते पाचवा भाग सेकंदाचा उशीर होतो, बोट आधी पडतं आणि स्वर मागून येतो, ताल पार बिघडतो. सरावासाठी वायरचाच हेडफोन घ्या.

हेडफोनवर आवाज वाढवत जायची सवय लागते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज त्यावर गेला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होते. कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी थांबा.

६. लाईट, अर्थिंग आणि इन्व्हर्टर

परदेशी व्हिडिओंत हा भाग नसतो आणि आपल्याकडे निम्म्या तक्रारी इथल्याच असतात. अँप चालू केला की ‘हम्म्म’ असा ५० हर्ट्झचा गुणगुणाट येतो, लोक अँपला नावं ठेवतात आणि बदलून आणतात. नवाही तसाच गुणगुणतो.

आधी अर्थिंग बघा. जुन्या घरांत बोर्डावर तीन भोकं असतात, पण तिसऱ्याला वायर जोडलेलीच नसते. जोडलेली असली तरी उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. वायरमनला बोलावून तपासून घ्या. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओततात ते त्यासाठीच. गिटारच्या तारांना किंवा अँपच्या लोखंडाला हात लावल्यावर मुंग्या किंवा झिणझिणी आली तर वाजवणं तिथेच बंद करा. आणि गुणगुणाट थांबतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

इन्व्हर्टरवर अँप करकरतो का? स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर करकरणारच. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर तो त्रास फारसा नसतो. लोडशेडिंगच्या वेळी सरळ सेलवर वाजवा. गुणगुणाट कुठून येतोय हे ओळखायचीही हीच युक्ती: सेलवर थांबला तर दोष घरच्या लाईनचा, सेलवरही राहिला तर गिटार किंवा केबल बघा.

पंख्याचा रेग्युलेटर, जुनी चोकची ट्यूबलाइट, कुलरची मोटर, राउटर यांच्याजवळ बसलात तर सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपची गिटार हे सगळं पकडते. बसल्या जागी थोडं वळून बघा, एका दिशेला गुणगुणाट चटकन कमी होतो.

अडॅप्टरची चूक सगळ्यात महागात पडते. राउटरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरची पिन बऱ्याच छोट्या अँपमध्ये नेमकी बसते. पण अँपला लागतात बहुधा ९ व्होल्ट, आणि पिनच्या आत उणे, बाहेर अधिक. राउटरचं उलटं असतं. बसली म्हणून लावली, की धूर. अँपच्या मागे व्होल्ट, मिलीअँपिअर आणि अधिक-उण्याची गोल खूण छापलेली असते, ती तिन्ही जुळल्याशिवाय अडॅप्टर लावू नका. नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेला अँप असेल तर मागचं ‘१२० व्होल्ट’ आधी वाचा. आपली लाईन २३० ची.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक गोष्ट होते. कुलर चालू असतो, त्याच्या घरघरीत अँप ऐकू येत नाही म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि खिडकीत बसवलेल्या कुलरमुळे खिडकी उघडीच असते. उन्हाळ्यात सकाळी लवकर वाजवा किंवा हेडफोनवर. कुलरच्या ओल्या झोतात गिटार आणि अँप ठेवू नका, तारा गंजतात.

७. दुकानात जाताना आणि गेल्यावर

सोबत न्या:
- स्वतःची गिटार, ट्यून केलेली
- तीन मीटरची गिटार केबल
- वायरचा हेडफोन
- ३.५ मिलिमीटरची पिन ६.३५ च्या भोकात बसवायचा कनेक्टर (बऱ्याच अँपना मोठंच भोक असतं)
- मोबाइलवर एक गाणं आणि ऑक्सची वायर

स्वतःचीच गिटार का? दुकानातली महागडी गिटार कुठल्याही अँपला छान वाजवते. तुम्हाला घरी तुमचीच वाजवायचीय.

दुकानदार आधी अँप जोरात लावून दाखवेल, तो त्याच्या धंद्याचा भाग आहे. ऐकून घ्या, मग नम्रपणे म्हणा, “भाऊ, आता एवढा बारीक करा की आपल्याला बोलता आलं पाहिजे.” सगळं बंद, शून्य. मग मास्टर अगदी हळू फिरवा. काही अँप शून्यावरून एकदम उसळतात, मधलं काही नसतं. असा अँप घरात रोज डोकं खाईल, तो तिथेच सोडा. आवाज हळूहळू चढत असेल तर पुढे जा.

त्या गप्पांएवढ्या आवाजात एक मोकळी ई कॉर्ड वाजवा आणि सगळ्या सहा तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का बघा. जाड तार नुसती ‘ढप’ वाजत असेल तर स्पीकर फार छोटा आहे. तार हळू छेडा, मग जोरात. फरक ऐकू यायला हवा. कमी आवाजात हा फरक दाखवणारा अँप हात सुधारतो. सगळं सपाट करून टाकणारा अँप हात बिघडवतो. हा माझा ठाम अनुभव आहे, विद्यार्थ्यांच्या बोटांत मी तो बघितलाय.

मग गेन अर्ध्यावर, मास्टर तिथेच. खरखर सुसह्य आहे का? हेडफोन लावून तेच परत. शेवटी तारांवर हात ठेवून गप्प बसा आणि अँप एकटा किती सूं-सूं करतो ते ऐका. रात्रीच्या खोलीत हा आवाज दुकानातल्यापेक्षा बराच मोठा वाटतो.

दोन अँपमध्ये निवड असेल तर दोन्ही नेमक्या सारख्या आवाजावर आणून ऐका. किंचित मोठा वाजणारा अँप कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. डोळे मिटा आणि मित्राला वाजवायला सांगा.

दुकानात वेळ लागतो. गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा, दुपारी जा, लग्नसराई आणि गणपतीच्या आधीचे दिवस टाळा.

८. ऑनलाइन किंवा जुना घेताना

आपल्या गावात मॉडेल मिळत नसेल तर ऑनलाइन घ्यावंच लागतं. मग डबा उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, चिकटपट्टी कापण्यापासून अँप चालू करेपर्यंत. खोका आणि आतला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत फेकू नका. सर्व्हिस सेंटर बहुधा पुण्या-मुंबईला असतं आणि अँप कुरिअरने तिकडे जातो.

सांभाळायचे कागद: जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहिलेला, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, अडॅप्टर वेगळा घेतला असेल तर त्याचं बिल वेगळं. “बिल कशाला, थोडं कमी करतो” म्हणणाऱ्याकडून विजेची वस्तू घेऊ नका. वॉरंटी भारतातली आहे का, की आयात केलेल्या मालावर दुकानाचीच आहे, हेही विचारून घ्या.

जुना अँप असेल तर चालू करून प्रत्येक बटण टोकापासून टोकापर्यंत फिरवा. थोडी खरखर धुळीची असते, ती कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. केबल हलवल्यावर आवाज जातो-येतो का बघा, तिथलं भोक ढिलं असतं. सेलचा कप्पा उघडा. हिरवट-पांढरा थर दिसला तर सेल गळलेत, भाव कमी करा किंवा सोडून द्या. अर्धा तास सलग चालू ठेवून मगच पैसे द्या.

९. घरी बसवणं आणि पहिला आठवडा

अँप जमिनीवर ठेवू नका आणि भिंतीला चिकटवू नका. दोन्हीमुळे खर्ज फुगतो आणि शेजारी पोचतो. स्टुलावर जुनी वाकळ चौघडी करून ठेवा आणि त्यावर अँप. हादरे फरशीत उतरत नाहीत. मागची आणि वरची जाळी झाकली जाणार नाही एवढं बघा. तोंड तुमच्या कानाकडे करा. स्पीकरचे वरचे स्वर सरळ रेषेत जातात, त्यामुळे पायाशी ठेवलेला अँप आपल्याला दबका वाटतो आणि आपण उगाच आवाज वाढवतो. कानाच्या उंचीला, हातभर अंतरावर ठेवला की निम्म्या आवाजात काम होतं.

सुरुवातीचं सेटिंग: गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, गेन तीन, बेस पाच, मिडल सहा, ट्रेबल पाच. मग मास्टर शून्यावरून वर, बोलता येईल इतकाच. पातळ वाटलं तर बेस थोडा वाढवा. शेजारच्या घराशी भिंत सामायिक असेल तर बेसऐवजी मिडल वाढवा, तो कानाला ऐकू येतो आणि भिंतीतून कमी जातो.

कमी आवाजासाठी गिटारचं बटण खाली आणू नका, बऱ्याच गिटारमध्ये त्याने वरचे स्वर जातात. आणि अँपशिवाय, नुसत्या कोरड्या तारांवर रोजचा सराव करू नका. ऐकू येत नाही म्हणून उजवा हात जोरात मारायला लागतो आणि ती सवय काढायला फार दिवस लागतात. अर्धा तास चालेल, त्यापलीकडे हेडफोन लावा.

पहिल्याच दिवशी शेजारच्या काका-काकूंना भेटा आणि विचारा, कुठल्या वेळेला चालेल. मग एखाद्याला तुमच्या खोलीत वाजवायला बसवून स्वतः त्यांच्या घरात जाऊन ऐका. किती आणि काय ऐकू येतं ते तिथेच कळतं. ऐकून आल्यावर मास्टरच्या बटणाशेजारी पेन्सिलने बारीक खूण करा, दिवसाची एक आणि रात्रीची एक.

आठवडाभरात सेलवर, लाईटवर, इन्व्हर्टरवर, हेडफोनवर, ऑक्सवर असं सगळ्या तऱ्हांनी वाजवून बघा. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा. काही खोट दिसली तर तिचा व्हिडिओ काढून दुकानदाराला त्याच दिवशी पाठवा, बदलून देण्याची मुदत बिलावर लिहिलेली असते आणि ती फार थोड्या दिवसांची असते.